रंग ओला, ऊन पुढे: वाई-मेणवलीतले चार दिवस

निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर एमडीएफ बोर्डाचे बारा तुकडे मांडून मी त्यांना जेसोचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, दुसरा हात देत होते. प्रत्येक तुकडा दहा बाय बारा इंची, कडा पॉलिशपेपरने घासलेल्या. नवरा पाणी प्यायला आला आणि म्हणाला, "एवढ्या रात्री पापड्या घातल्यास?"

त्याने चेष्टा केली, पण उपमा चपखल होती. ॲक्रिलिक रंग वाळतो तो साबुदाण्याच्या पापडीसारखाच. चिकात दाणे सुटे सुटे असतात. ऊन लागून पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि एकसंध पापडी होते. ती पुन्हा पाण्यात टाका, भिजेल, पण तिचा परत चीक होणार नाही. ॲक्रिलिकमध्ये दाण्यांच्या जागी प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म थेंब असतात, एवढाच फरक. ओला असताना हा चीक दुधी दिसतो आणि वाळला की काचेसारखा होतो, म्हणून रंग वाळल्यावर एक छटा गडद दिसतो. घरात ही गंमत वाटते. उघड्यावर चित्र काढायला बसलं की हाच गुण मुळावर येतो. गेल्या एप्रिलमध्ये सासवडजवळ एका देवळासमोर बसले होते. पॅलेटवर आकाशाचा निळा कालवला, बोर्डाकडे पाहिलं, परत ब्रश टेकवला, तर खाली साय धरलेली. त्या दिवशी दोन ब्रश कायमचे गेले. केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या आत रंग वाळला की त्या ब्रशने फक्त घराच्या खिडक्यांच्या फटी साफ करायच्या.

तैलरंग मला झेपत नाहीत. टर्पेंटाइनच्या वासाने अर्ध्या तासात कपाळ ठणकतं. जलरंगाला माझा हात जड. म्हणून संथ वाळणारं ॲक्रिलिक. अमेरिकेतली गोल्डन कंपनी 2008 पासून 'ओपन' नावाने ते काढते. त्यात पाणी कमी आणि हळूहळू उडणारा द्रव जास्त, त्यामुळे चिकाची पापडी व्हायला वेळ लागतो. भाच्याने दिवाळीत येताना आठ ट्यूब आणल्या: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), थॅलो ब्लू, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, एक लेमन यलो आणि एक हिरवा, जो मी मागितला नव्हता. किंमत त्याने सांगितली नाही, मीही विचारली नाही. घरी दोन-तीनदा वापरून पाहिले होते. उन्हात, वाऱ्यात, लोकांच्या नजरेसमोर ही पहिलीच खेप.

आम्ही पाच जण. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक सर, जलरंगवाली माझी मैत्रीण, कलामहाविद्यालयातली दोन पोरं (एक मुलगा, एक मुलगी) आणि मी. पोरं मला काकू म्हणतात, माझ्या मैत्रिणीला मात्र ताई. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे.

पहिला दिवस

पुण्याहून सकाळी साडेसहाला निघालो. जानेवारीचा शेवटचा आठवडा, गाडीच्या काचेवर दव. खंबाटकीचा घाट चढून पलीकडे उतरलो, सुरूरला उजवीकडे वळलो आणि नऊच्या आत वाईत चहा पीत होतो. घाटाच्या अलीकडे खाल्लेल्या मिसळीबद्दल काही न लिहिलेलंच बरं.

लॉजवर सामान टाकून जेवून दुपारी तीनला गणपती घाटावर बसले. वाईला सात घाट. आणि प्रत्येक घाटाचा आपापला कृष्णाबाईचा उत्सव. हे दिवस त्या उत्सवांच्या तयारीचे, त्यामुळे कुठे बांबू पडलेले, कुठे चुना चाललेला. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 साली बांधलं. आतली मूर्ती सगळे बघतात. चित्रकाराने मात्र देवळाची पाठ बघावी. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली आहे, कृष्णेचा पूर आला की पाणी तिथे फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. नावेचं नाक जमिनीवर आणून ठेवावं तशी ती भिंत. त्या नाकावर तिरकं ऊन पडलेलं, एक बाजू तापलेली ऑकर, दुसरी जांभळट करडी, आणि खाली पायऱ्यांवर देवळाची सावली.

मी पायऱ्यांची सावली घेऊन बसले. सव्वातीनला ती तीन पायऱ्यांवर होती. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, थोडा पांढरा आणि चिमूटभर मॅजेंटा घालून वाईच्या दगडाचा करडा जमवला. पहिल्या अर्ध्या तासात चित्र उभं राहिलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, रंग ओला आहे, घाई कसली? पावणेचारला सावली पाचव्या पायरीवर आली होती. रंग ओलाच, म्हणून मीही ब्रशने सावली पाचवीपर्यंत ओढली. चारला सहावी. मग वरच्या पायऱ्यांवरचा उजेड बदलला, तो दुरुस्त केला. त्याने भिंतीचा ऑकर फिका वाटायला लागला, त्यात थोडा सिएना ढकलला. साधं ॲक्रिलिक असतं तर पहिली सावली केव्हाच वाळून बसली असती, मला हलवताच आली नसती. इथे सगळं सरकत होतं. ओल्यात ओला मिसळत गेला आणि पाच वाजेपर्यंत आख्ख्या घाटाला वांग्याच्या भरताचा रंग आला.

खाली धुणं धुणारी एक बाई दुपारपासून मला बघत होती. बादली उचलून वर येताना माझ्यामागे थांबली.

"अवो ताई, मगाशी बरं व्हतं की. आता समदं ढगाळलं."

"सावली हलते ना हो मावशी."

"सावली हलायचीच. तुमी कशाला हलवताय?"

सर बाजूच्या पायरीवरून हसले. ते जन्मभर तैलरंगात रंगवत आले. म्हणाले, "टर्पेंटाइनचा वास तेवढा गेलाय. रोग तोच आहे."

मी पॅलेट नाइफने सगळा रंग खरवडून काढला. ही या रंगाची खरी सोय. दोन तासांनंतरही बोर्ड ओल्या फडक्याने पुसून जवळजवळ कोरा करता आला. नुसता एक जांभळट डाग राहिला. तो बोर्ड तसाच पिशवीत ठेवला. ब्रशही सगळे जिवंत होते, साबणाने धुतल्यावर नव्यासारखे.

रात्री लॉजवर मैत्रिणीने जाहीर केलं की उद्या तीही ॲक्रिलिक करणार. तिच्याकडे साधे रंग होते आणि ते लांबवायला रिटार्डरची बाटली. रिटार्डर म्हणजे तोच हळू उडणारा द्रव, वेगळा विकत मिळतो. किती घालायचं हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिने चष्मा लावला नाही. फोडणीला तेल घालावं तसं अंदाजाने घातलं.

दुसरा दिवस

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. आम्ही सातला पोचलो तेव्हा घाटावर आमच्याशिवाय दोन कुत्री आणि पूजेचं तबक घेतलेले एक आजोबा.

नाना फडणवीसांचा वाडा वर, आणि वाड्यामागे नदीत उतरणारा अर्धचंद्राच्या आकाराचा घाट. पेशवाईच्या कारभाराची मोडीतली कागदपत्रं, ज्याला मेणवली दप्तर म्हणतात, ती याच वाड्यातली. मेणेश्वराच्या देवळाजवळ छोट्या मंडपात भलीमोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, तिथल्या चर्चमधली ती घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. कॉलेजमधल्या मुलीने अर्धा तास फक्त त्या घंटेचं पेन्सिलीने चित्र काढलं, आणि ते आमच्या चार दिवसांतलं सर्वांत चांगलं काम होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. इथे सिनेमाची शूटिंगं होतात. त्यामुळे गावकरी कुणालाही फार किंमत देत नाहीत. ही गोष्ट चित्र काढणाऱ्याच्या फायद्याची.

आदल्या रात्री झोप येईना तेव्हा एक ठरवलं होतं. सावली संथ रंगाने काढायचीच नाही. पिशवीत साधं बर्न्ट सिएना ॲक्रिलिक होतं, नेहमीचं, भराभर वाळणारं. ते पाण्यात पातळ करून रुंद चपट्या ब्रशने फक्त सावल्यांचे आकार बोर्डावर टाकले: पायऱ्यांच्या उभ्या बाजू, झाडाखालचा काळोख, भिंतीच्या पायाचा पट्टा. तपशील काही नाही, नुसते डाग. पाच-सात मिनिटांत ते वाळून घट्ट झाले. साडेसातची सावली बोर्डावर बसली. आता ऊन कुठेही जाऊ दे, मी त्या डागांवर संथ रंग घालणार आणि डागांची हद्द सोडणार नाही.

सरांना दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "जलरंगवाले असंच करतात. त्यांच्याकडे दुसरा इलाज नसतो." त्यांच्याकडून ही शाबासकीच.

मग बोर्डावर रंग घालायला सुरुवात केली, आणि इथे मात्र हा रंग काय चीज आहे ते कळलं. घाटाच्या शेवटच्या पायऱ्या पाण्यात उतरतात तिथे एक रेघ अशी नसते. दगड पाण्याखाली जातो, थोडा वेळ दिसत राहतो, हिरवट होत होत नाहीसा होतो, आणि त्याच जागी वरच्या पायऱ्यांचं उलटं प्रतिबिंब सुरू होतं. साध्या ॲक्रिलिकमध्ये हे करायला बारीक बारीक रेघांनी फसवावं लागतं. इथे दगडाचा करडा खालपर्यंत आणला, पाण्याचा हिरवा (लेमन यलो, अल्ट्रामरीन, किंचित सिएना, ट्यूबमधला तयार हिरवा नाही) खालून वर नेला, आणि दोन्ही जिथे भेटले तिथे कोरडा, स्वच्छ, मऊ केसांचा ब्रश आडवा, अगदी वजन न देता फिरवला. एकदा. दगड पाण्यात विरघळला. मी ब्रश उचलून दोन मिनिटं नुसती बघत बसले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तिथेच एक प्रतिबिंब उभं ओढलं, तरीही रंग हलला. घाई नव्हती, मागे कोणी लागलं नव्हतं.

रंग सैल करायला मी पाणी वापरत नव्हते. पाणी लवकर उडतं, आणि जास्त घातलं तर रंगातला चीक विरळ होतो. याच रंगांसाठी वेगळं थिनर मिळतं, त्याचे दोन-चार थेंब पुरतात. पॅलेट म्हणजे खाऊचा चपटा प्लॅस्टिकचा डबा: तळाला ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. ही युक्ती साध्या ॲक्रिलिकसाठी सगळे करतात. या रंगाला तिची गरज नव्हतीच. उलट दहा वाजेपर्यंत रंग पाणचट व्हायला लागले. दुपारी स्पंज काढून टाकला, तेव्हा ते ठीक झाले.

नऊच्या सुमाराला शाळेचं दप्तर पाठीला लावलेला एक मुलगा मागे येऊन उभा राहिला. सातवी-आठवीतला असेल. बराच वेळ बघून म्हणाला, "काकी, पांढरं कुठाय?"

"कसलं पांढरं?"

त्याने बोट केलं. खालून चौथ्या-पाचव्या पायरीच्या आसपास दगडावर एक फिकट पट्टा होता, घाटभर सरळ. "पावसाळ्यात पाणी हितवर येतं. मग उतरलं की असं राहतं." दोन तास मी त्याच पायऱ्या बघत होते आणि मला तो दिसला नव्हता. मी तिथे प्रत्येक पायरीचा प्रकाश वेगवेगळा काढला होता. सगळ्या पायऱ्या बांधणारी ती एकच आडवी रेघ सोडली होती. पांढऱ्यात ऑकर मिसळून चाकूच्या धारेने तो पट्टा ओढला. खालचा रंग ओला असल्याने पट्टा थोडा दगडात शिरला, अगदी तसाच जसा तो खरा होता. मुलगा "हां" म्हणाला आणि शाळेला गेला.

अकराच्या पुढे वारा सुटला. ओल्या रंगाचा तोटा तेव्हा समोर आला. उसाच्या पाचटाचे तुकडे, धूळ आणि चिलटं, सगळं येऊन बोर्डावर बसायचं. माझ्या आकाशात तीन चिलटं चिकटली. ओली असताना ओढायला गेलं तर रेघ उमटते. सर म्हणाले, वाळू दे, मग झटकली की पडतात. पण वाळणार कधी? सुईच्या टोकाने एकेक उचललं. तिसऱ्याची एक तंगडी अजून आकाशात आहे.

आणि थर. संथ रंगावर थर चढत नाहीत, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. पानांमधून येणारे उन्हाचे ठिपके शेवटी ठेवले होते. गडद हिरव्यावर फिका पिवळा टेकवला की दोन्ही मिळून शेवाळी. पुसला, परत टेकवला, परत शेवाळी. अखेर ठिपक्यांची जागा खालपर्यंत खरवडून बोर्ड उघडा केला आणि तिथे पिवळा ठेवला. कॉलेजच्या पोराने विचारलं, "काकू, हेच उद्या सकाळी केलं तर?" बरोबर होतं त्याचं. पातळ थर रात्रीत बोटाला लागेनासा होतो. पण उद्या मी मेणवलीत नसणार होते.

जेवणानंतर सगळे वाड्यात भित्तिचित्रं बघायला गेले. मी झाडाखाली पाठ टेकून झोपले.

संध्याकाळी परत आलो तेव्हा मैत्रिणीचा बोर्ड गाडीच्या डिकीत होता. तिने घंटेच्या मंडपाचं छान चित्र काढलं होतं. मोठं, मोकळं, निळं आकाश. वाळेपर्यंत धूळ नको म्हणून तिने त्यावर वर्तमानपत्र अलगद पांघरलं होतं. रिटार्डर किती घातलंय ते फक्त तिलाच माहीत. वर्तमानपत्र उचललं तेव्हा आकाशात उलट्या अक्षरात मेष ते कन्या सहा राशींचं भविष्य उमटलेलं. सिंह राशीला प्रवासात लाभ होता, आरशात वाचला. ती सिंहेची. रिटार्डर जास्त झालं की रंग लांबत नाही, तो नुसता चिकट होऊन बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही बोट लावलं की ठसा उठत होता.

तिसरा दिवस

धोम धरणावर धुकं पकडायला पहाटे साडेपाचला उठलो. हा माझाच आग्रह, आणि दिवसभर ऐकून घेतला.

मोबाइलवर 11 अंश. ॲक्रिलिकला थंडीचंही एक गणित आहे. साधारण 10 अंशांच्या खाली गेलं की ते प्लॅस्टिकचे थेंब कडक होतात, एकमेकांत नीट मिसळत नाहीत, आणि थर कच्चा राहतो. म्हणजे उन्हात पापडी फार लवकर होते, गारठ्यात धड होतच नाही. मी पायात दोन मोजे, डोक्याला मफलर आणि ट्यूब जॅकेटच्या आत अशी बसले. धरणाच्या पाण्यावर धुकं, त्याच्या वर डोंगराची फक्त माथ्याची रेघ. असल्या चित्राला संथ रंगासारखं दुसरं काही नाही. कडा अशी कुठे नाहीच. पांढऱ्यात थॅलो ब्लूचा नुसता वास, थोडा मॅजेंटा, आणि सगळं एकमेकांत ओढत जायचं. पंचवीस मिनिटं झाली असतील. मग डोंगरामागून ऊन आलं आणि चहा संपायच्या आत धुकं गेलं. समोर स्वच्छ, कोरडं, पोस्टकार्डासारखं धरण. रंग दिवसभर ओला राहिला असता तरी काय उपयोग? अर्धा बोर्ड मोकळाच आहे. तो तसाच ठेवणार.

तिथून धोम गावात. धोमेश्वराच्या देवळासमोर कमळासारख्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप आहे. पाणी भरलं की कासव तरंगल्यासारखं दिसत असणार. आम्ही गेलो तेव्हा कुंड कोरडं होतं. कमळाच्या पाकळ्यांच्या वळणात सावल्या इतक्या गुंतागुंतीच्या होत्या की मी रंग उघडलेच नाहीत. वहीत पेनाने काढलं आणि उठले. सर मात्र तिथेच पाच तास बसले, लहानशा तैलचित्रापुढे, उठले ते जेवायलाच.

परतताना रस्त्याकडेला हळद शिजवत होते. वाईच्या बाजूला या दिवसांत हळदीची काढणी असते. मोठ्या काहिलीतून वाफ, बाजूला शिजलेल्या हळकुंडांचा ढीग उन्हात घातलेला. तो पिवळा माझ्या कुठल्याच ट्यूबमध्ये नव्हता. लेमन थंड पडला, ऑकर मातकट. दोन्ही मिसळून मॅजेंटाचं टोक लावलं तेव्हा जरा जवळ गेला. शेतकरी म्हणाला, "रंगच पाहिजे तर हळद न्या की." एक मुठभर कागदात बांधून दिलीही. मैत्रिणीने ती घरी स्वयंपाकाला नेली. हळदीचा रंग उन्हात उडतो, असं मी म्हणाले, पण कोणी ऐकलं नाही.

रात्री शेकोटीशी सरांनी आबालाल रहिमान यांची गोष्ट काढली. ती ते प्रत्येक सहलीत काढतात आणि आम्ही प्रत्येक वेळी ऐकतो. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा माणूस कोल्हापुरात राहिला आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट हीच ठिकाणं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रहरी रंगवत बसला. शाहू महाराजांनी आश्रय दिला. 1931 साली ते गेले. सर म्हणाले, "एकच तळं. सकाळी वेगळं, दुपारी वेगळं. दोन्ही एका कागदावर काढायचा हट्ट त्यांनी केला नाही." माझ्याकडे बघून म्हणाले का, ते अंधारात दिसलं नाही.

चौथा दिवस

सकाळी ठरवून परत गणपती घाटावर, पहिल्या दिवशीच्याच पायरीवर. दुपारची सावली मिळणार नव्हती, सकाळची वेगळी होती. पिशवीतून तो जांभळट डागाचा बोर्ड काढला. डाग आता पक्का वाळला होता, त्यामुळे तळाला आयता रंग मिळाला. मोबाइलवर चाळीस मिनिटांचा गजर लावला. सिएनाने सावल्या बसवल्या, वाळू दिल्या, मग देवळाच्या नाकाच्या दोन बाजू, पायऱ्या, पाण्याची एक पट्टी. कळसाला हातच लावला नाही, तो बोर्डाच्या बाहेर गेला. गजर वाजला तेव्हा एका कोपऱ्यात दोन पायऱ्या राहिल्या होत्या. सवयीने हात पुढे गेला. मी ब्रश धुवायला घेतला.

पहिल्या दिवशीची ती बाई आजही आली होती, सोबत सून. मी बोर्ड तिच्याकडे वळवला.

"आज नाय हलवली जणू," ती म्हणाली. मग सुनेला, "ह्येच तीन रोजामागं सारवल्यागत केलं व्हतं बग यांनी."

बांधाबांध करताना सगळ्यात जास्त वेळ ओल्या बोर्डांना लागला. दोन बोर्ड तोंडाला तोंड, चार कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाच्या चकत्या, आणि भोवती रबर. चकती जिथे टेकते तिथे चार मोत्याएवढे डाग पडतात, ते फ्रेमखाली जातात. बाकी सगळे बोर्ड पोरांच्या मांडीवर. सामानातली टर्पेंटाइनची बाटली सरांची, तिचं झाकण सैल. खंबाटकीच्या बोगद्यात काचा बंद होत्या आणि माझं कपाळ ठणकायला लागलं. शिरवळला थांबून तिला डिकीत टाकली.

घरी आल्यावर बोर्ड गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलेत. सहा धड, तीन बरे, दोन पुन्हा जेसोखाली जाणार, एक धुक्याचा अर्धा. पातळ भाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वाळले होते. मेणवलीच्या पाण्यात मात्र उत्साहाच्या भरात पांढरा जाड थापला होता. काल दहा दिवस झाले म्हणून त्यावर हळूच नख टेकवून पाहिलं. वरून साय धरलीये, आत अजून मऊ. वार्निशला निदान महिना थांबायचं म्हणतात, या पांढऱ्यासाठी मी दोन थांबणार. तोवर गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी नवऱ्याने दुसऱ्या टोकाला सरकवली आहे.